भिंतीएवढा जोड

दवाखान्यात नंबरची वाट बघत दोन आज्या माझ्या शेजारी बसल्या होत्या.

"काल आमच्या सुनेचा फोन वर्गातल्या मोठ्या पडद्यावर दिसला."

"म्हणजे?"

"ती वेल्डिंग शिकते ना. मास्तर म्हणाले, आपापला फोन पडद्याला जोडा आणि कामाचा फोटो दाखवा. वायर नाही, काही नाही. फोन हातात आणि फोटो समोर, भिंतीएवढा!"

"अगंबाई! मग बारीकशी चूकही दिसत असेल."

"तेच तर! इतरांच्या जोडांत भोकं दिसत होती. हिचा जोड एकसारखा, सरळ. मास्तरांना वाटलं, पुस्तकातला फोटो लावलाय. म्हणाले, स्वतःच्या कामाचा दाखव."

"मग?"

"हिनं पिशवीतून तोच जोड काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. आणि वर्गात बाई ही एकटीच, बरं का."

"तुम्ही पहिल्यापासून तिच्या पाठीशी असणार."

"मी? आठ दिवस अबोला धरला होता. बाईमाणसानं ठिणग्यांत कशाला जायचं, म्हणून."

"आणि आता?"

"आज सकाळीच फाटकाची बिजागरी तुटली. मुलगा म्हणाला, कारागीर बोलावतो. म्हटलं, खबरदार! घरात कारागीर असताना बाहेरचा कशाला?"