ऑरिनने यंत्र चकचकीत करून दिलं

नाही, पण मला एक सांगा, उसनी नेलेली वस्तू धुऊनपुसून परत देणारा माणूस तुम्ही बघितलाय का हो? मी नाही बघितला! चौसष्ट वर्षं झाली, सगळा जन्म या मोंटानात गेला, अहो, इथे वस्तू परत येते हेच नशीब! आणि त्यात आमचा ऑरिन क्विग्ली... कुंपणापलीकडचा, तीस वर्षांचा शेजार, तीस वर्षांचा शिकारीचा जोडीदार... याने माझा ट्रेलर नेला, परत दिला तो आत घोड्यांच्या लिदीसकट, वर म्हणतो, "राहू दे व्हर्न, बागेला होईल." बर्फ काढायचं फावडं नेलं, परत आला तो नुसता दांडा! आणि हा माणूस, हाच माणूस, माझं काडतुसं भरायचं यंत्र घेऊन जातो, तीन आठवडे ठेवतो, आणि आणून देतो ते कसं? चकचकीत! नव्या नवरीसारखं!

आता तुम्हीच सांगा, इतकं साफ का केलं?

यंत्र म्हणजे तसं काही विमान नाही हो. टेबलाला बोल्ट मारून बसवायचा बिडाचा ठोकळा, बाजूला लांब मूठ. मूठ खाली ओढली की मधला दांडा वर येतो, झाडलेलं पितळी काडतूस साच्यात शिरतं, बुडाची ठिणगी पाडणारी जळकी टोपी गळून पडते, मग नवी टोपी, बंदुकीची दारू, वर गोळी, झालं. एल्कच्या, म्हणजे आमच्याकडच्या थोराड हरणाच्या, शिकारीचा हंगाम आला की मी माझी काडतुसं घरीच भरतो. बाजारच्यांवर माझा विश्वास नाही. कोणी भरली, भरताना त्याचं बायकोशी भांडण झालं होतं का, काय माहीत!

आणि ते यंत्र मी एकतीस वर्षांत साफ केलेलं नाही. लपवायचं कशाला? टोप्यांची काजळी, घट्ट झालेलं तेल, पितळेचा चुरा, असा बोटभर थर होता त्याच्यावर. पण तो माझा थर होता! मूठ ओढली की 'किर्रर्र... खट्' व्हायचं, आत स्वयंपाकघरात मार्डेलला ऐकू जायचं. आणि आता? ओढतोय, ओढतोय... ब्र नाही! मुक्यासारखं वर, मुक्यासारखं खाली.

मार्डेल माझी बायको. तिला हाक मारली, "मार्डेल, हे बघ!" ती हात पुसत आली, वाकून बघितलं, म्हणाली, "अगंबाई! याला लाल रंग आहे होय? मी समजत होते, कंपनीतूनच काळं आलंय."

म्हटलं, "रंगाचं सोड! याने काहीतरी मोडलंय."

"अरे, बिचाऱ्याने साफ केलं."

"तेच तर विचारतोय! का केलं?"

लावला फोन. ऑरिन फोनवर कसा बोलतो माहितीये? दात काढायला बसवल्यासारखा.

"ऑरिन, यंत्र मिळालं."

"बरं."

"साफ दिसतंय."

"हं."

"पडलं-बिडलं होतं का?"

"नाही."

"मग इतकं साफ का केलं?"

म्हणतो, "घाण होतं." आणि ठेवला फोन! आता हे काय उत्तर झालं? घाण तर ट्रेलरही होता, तो केला का साफ?

आणि आणखी एक. माझं यंत्र नेलंच कशाला? म्हणे, "माझ्याची मूठ तुटली." याच्या यंत्राची मूठ तुटते? अहो, दुसऱ्याच्या वस्तूंचं सोडा, पण स्वतःच्या यंत्रावर हा उशीचा अभ्रा घालून ठेवतो, इस्त्रीचा! त्याची मूठ तुटेल? मला काही पटेना.

गेलो हार्डवेअरच्या दुकानात. तिथे काउंटरमागे ड्वेन बसतो, त्याला सगळं सांगितलं. ड्वेनने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आवाज खाली आणला, "व्हर्न, माझ्या मेव्हण्याने माझा पिकअप नेला होता. परत आणला तो धुऊन, वर मेण लावून. मी खाली वाकून बघितलं... अख्खा सायलेन्सर बदललेला!"

झालं! बघा म्हणजे! म्हणजे मी एकटाच वेडा नाही!

रविवारी चर्चमधून आलो, टायसुद्धा काढला नाही, गॅरेजमध्ये शिरलो आणि यंत्र उघडायला घेतलं. मार्डेल दारातून म्हणतेय, "चालतंय ना ते? मग?" म्हटलं, "चालतंय म्हणूनच!" एक बोल्ट काढला, दुसरा काढला, मूठ काढली, आतल्या दोन पट्ट्या काढल्या, सगळं ओळीने वर्तमानपत्रावर मांडलं, भिंग घेऊन चीर शोधतोय... आणि सापडली! चीर नाही, पिन. मूठ आणि दांडा ज्या पिनवर फिरतात, ती पिन नवीकोरी! माझी नाही! ओरडलोच मी, "मार्डेल! सापडला चोर! पिन मोडली याने, गुपचूप दुसरी घातली आणि कळू नये म्हणून घासत बसला!"

एवढा आनंद झाला तुम्हाला सांगतो, आणि त्या आनंदात दुसऱ्या पिनवरची क्लिप... नखाएवढी क्लिप हो... स्क्रू ड्रायव्हरने जरा उचकटली, तर टिंग्! गेली. कुठे गेली? देवाला माहीत. मी चर्चच्या पॅंटमध्ये चार पायांवर, हातात लोहचुंबक. खिळे निघाले, दोन हजार बावीस साली हरवलेली किल्ली निघाली, क्लिप नाही. बरं, क्लिपवाचून जोडू म्हटलं, तर पट्ट्या उलट्या बसल्या का काय झालं, मूठ खाली ओढली तर दांडा जागचा हलेना, मूठच माझ्या हातात आली!

हंगाम अकरा दिवसांवर, काडतूस एक नाही. मार्डेल म्हणाली, "ऑरिनला बोलाव." म्हटलं, "मरेन, पण बोलावणार नाही." मंगळवारपर्यंत मेलो नाही. बुधवारी बोलावलं.

आला. दारात उभा राहिला. वर्तमानपत्रावरच्या सांगाड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"क्लिप उडाली?"

"...हो."

त्याने शर्टाच्या खिशात हात घातला आणि एक क्लिप काढली. सुटी, नवी! मी म्हटलं, "ही कशी काय तुझ्याकडे?" म्हणतो, "तीस वर्षं ओळखतो तुला. साफ करून दिलं की तू उघडणार. तेव्हाच एक जास्तीची आणून ठेवली."

बसला स्टुलावर. पट्ट्या सरळ केल्या, पिन घातली, आणि क्लिप बसवायला लागला... तर क्लिप पडली. उचलली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा मी त्याचे हात बघितले. अहो, थरथरत होते. वाऱ्यावर पान हलावं तसे. हाच माणूस दोनशे यार्डांवरून... जाऊ द्या.

मी म्हटलं, "कधीपासून?"

"मार्चपासून."

"डॉक्टर?"

"बरं होणारं नाही म्हणतो." मग क्लिपकडेच बघत म्हणाला, "माझ्या यंत्राला काही झालेलं नाही रे. भाचीला देऊन टाकलं. पण तुझ्या गॅरेजात बसलो होतो त्या दिवशी, ते 'किर्रर्र' ऐकलं. आत काजळी जाऊन जाऊन पिन अर्धी झिजली होती तुझी. एक दिवस मूठ सुटून दातांवर आली असती. साफ कर म्हटलं असतं तर केलं असतंस?"

मी वर्तमानपत्रावरचा चुरा झाडायला लागलो.

"आणि दोन हंगाम नेम चुकला की वाऱ्याला शिव्या घालतोयस. दांडा इतका हलत होता की एक गोळी काडतुसात खोल बसायची, एक वर. वारा काय करणार त्याला?"

"अरे, पण तीन आठवडे?"

"सकाळी तासभर हात जरा ऐकतात," म्हणाला. "तेवढ्यात होईल तेवढं."

मी त्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन काय काय बोलून आलो होतो! मी जमिनीवरची क्लिप उचलली आणि म्हटलं, "सांग, कुठे बसवू?"

"डावीकडे."

"इथे?"

"ते उजवं आहे, व्हर्न."

त्या हंगामाला ऑरिनने बंदूक घेतली नाही. गुडघ्यांवर कोपरं टेकून, दुर्बीण धरून माझ्या शेजारी बसला. मी एकच काडतूस झाडलं. एल्क जागेवर पडला. मला वाटलं आता हा पाठ थोपटेल. दुर्बिणीतून नजर न काढता म्हणतो, "आज वारा नव्हता वाटतं." मांस मात्र दोघांनी निम्मं निम्मं घेतलं, उचलायचं सगळं मी.

आणि तेव्हापासून तुम्हाला सांगतो, दर गुरुवारी सकाळी नऊला हा हजर! स्टुलावर बसतो, मार्डेल त्याला कॉफी देते आणि रानातल्या हकलबेरी घालून भाजलेली पेस्ट्री देते, मला देत नाही, कारण माझे हात काळे! "टूथब्रश घे. कोपऱ्यात घास. कोपऱ्यात, व्हर्न! आता फडकं. आता तेल. दोन थेंब... दोन म्हटलं! जास्त झालं की काजळी चिकटते. पूस ते." मग पांढरा रुमाल काढून दांड्यावर फिरवतो. डाग दिसला की बोलत नाही, नुसता रुमाल माझ्यासमोर धरतो. आणि मी, ज्याने एकतीस वर्षं कोणाच्या बापाचं ऐकलं नाही, तो खाली मान घालून परत घासतो!

परवा गुरुवारी मार्डेल दारात उभी राहून हे सगळं बघत होती. पाच मिनिटं बघितलं, दहा मिनिटं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, तेव्हाच मला शंका आली होती. मग गोड आवाजात म्हणाली, "ऑरिन, तू मंगळवारी मोकळा असतोस का रे? नाही, म्हणजे आमचा ओव्हन आहे... मग तळघर आहे..."

ऑरिन म्हणाला, "मोकळाच आहे."

मी मोकळा आहे का, हे कोणी विचारलंसुद्धा नाही हो!