मेहुण्याचा ट्रॅक्टर आणि प्रज्ञाताईंचा प्रश्न

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय भगवंतराव, व्यासपीठावरील डॉक्टर हर्षाली मॅडम आणि मान्यवर, जिथं तिथं शेवटच्या खुर्चीत बसणाऱ्या पण आज नाइलाजानं मधल्या खुर्चीत बसलेल्या सत्कारमूर्ती प्रज्ञाताई रोकडे, रुग्णालयातले बंधू-भगिनी आणि घोडेगाव पंचक्रोशीतल्या माझ्या मायबाप श्रोत्यांनो, सर्वांना नमस्कार.

मी सुदर्शन पोखरकर. अर्ध्या सभागृहाला माझी ओळख लागणार नाही. उरलेल्यांना सांगतो, यात्रेत बैलगाडा शर्यतीच्या घाटात गाडामालकांची नावं, बैलांचे गुण आणि प्रत्येक बारीचे, म्हणजे धावेचे, सेकंद माईकवरून न थांबता सांगणारा जो निवेदक असतो, तो मी. आज निवृत्त होणाऱ्या ताईंनी तेहतीस वर्षं परिचारिका म्हणून केलेल्या सेवेबद्दल आधीच्या वक्त्यांनी छान सांगितलं. इंजेक्शन देताना त्यांचा हात किती हलका असतो, हेही सांगितलं. त्याबाबतीत माझा अनुभव वेगळा आहे, पण आजच्या दिवशी तो विषय नको.

मी बोलणार आहे माझ्या आजाराबद्दल. त्याचं नाव बायपोलर. अध्यक्ष महोदय, दचकू नका. माझी बायको अश्विनी तिसऱ्या रांगेत बसली आहे, तिला विचारूनच उभा राहिलोय.

तीन वर्षांपूर्वी दिवाळी झाली आणि मी आडवा झालो. कांद्याचं रोप वाफ्यात वाळलं, तरी मी आपला भिंतीकडं तोंड करून पडलेला. जेवण नको, आंघोळ नको. घाटात पाच-पाच तास बोलणारा माणूस, बायकोनं 'चहा ठेवू का' विचारलं तरी उत्तर देईना. जगून करायचंय काय, असं मनात यायचं. हे सांगायला आज मला लाज वाटत नाही. सासूबाई म्हणाल्या, बाहेरचं काहीतरी आहे. मेहुणे सोपानराव म्हणाले, "दाजी, खरं सांगा, प्यायला लागलात का?" अश्विनीनं कुणाचं ऐकलं नाही, मला एका डॉक्टरांकडं नेलं. मी सांगितलं, उदास वाटतं. त्यांनी उदासीच्या गोळ्या दिल्या. त्यांची काय चूक? आम्ही त्यांना अर्धीच गोष्ट सांगितली होती. उरलेली अर्धी आम्हाला आजार वाटतच नव्हती, आम्हाला तो माझा गुण वाटायचा!

गोळ्यांनी मी महिन्याभरात उठलो. घरात पेढे वाटले. पण उठलेला मी काही बसेना. यात्रांचा हंगाम सुरू झालेला. एका दिवसात दोन-दोन घाट, झोप जेमतेम दोन तास, तोंड अखंड चालू. यात्रा कमिट्या खूश. "यंदा सुदर्शनचा आवाज काय लागलाय राव!" म्हणून लोकांनी फेटे बांधले. सांगा, ज्या आजाराला फेटा बांधतात, तो आजार आहे हे ओळखायचं कुणी?

आणि मग एका यात्रेत, भर घाटात, पहिल्या नंबराच्या गाड्याला मी ट्रॅक्टर जाहीर केला. टाळ्या, शिट्ट्या, भंडाऱ्याची उधळण! ट्रॅक्टर सोपानरावांचा होता. ते समोरच बसलेले, आणि तेसुद्धा मनापासून टाळ्या वाजवत होते. मी ट्रॅक्टरचा नंबर वाचून दाखवला, तेव्हा त्यांचे हात थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अश्विनी आणि सोपानराव, दोघांनी मला जीपमध्ये घालून इथं आणलं. मी रुग्णालयाच्या ओट्यावर उभा राहून रांगेतल्या पेशंटांच्या बाऱ्या पुकारत होतो. जमलेली मंडळी म्हणाली, यात्रेचं वारं आहे, उतरेल. तेवढ्यात प्रज्ञाताई बाहेर आल्या. त्यांनी मला काही विचारलं नाही. अश्विनीला बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, "पडून असतो तेव्हाचं राहू दे बाई. बरा असताना हा कसा असतो, ते सांग."

मंडळी, आमच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. तिला हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "लई बरा असतो ताई. येवढा बरा, की आमाला भ्या वाटतं."

ताईंनी मागचं विचारलं, तर हिला तारखा आठवेनात. ताई म्हणाल्या, "तारखा नकोत, यात्रा सांग." आपल्याकडं वर्ष कसं लक्षात राहतं, हे त्यांना पक्कं ठाऊक! माझ्याच खिशातली यात्रेची पत्रिका काढून त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूला आडवी रेघ ओढली. चढाचे दिवस रेघेच्या वर, पडून राहिलेले खाली. सात वर्षं अशी मांडली. तेव्हा दिसलं, की एक चढ भाताच्या लावणीतला होता. कुठंच यात्रा नाही, आणि मी भर पावसात विहीर खणायला काढलेली! मग ताईंनी विचारलं, "यात्रेत सगळेच जागतात. पण यात्रा सरली की सगळे आडवे होतात. हा होतो का?"

अश्विनी म्हणाली, "न्हाई. त्यो दमतच न्हाई."

सुदैवानं मनोविकारांच्या डॉक्टर हर्षाली मॅडम त्या दिवशी ओपीडीला आलेल्या होत्या. ती पत्रिका त्यांच्या टेबलावर गेली. तरी त्यांनी घाई केली नाही. थायरॉईडसाठी रक्त तपासलं, दारूचं विचारलं, कानात आवाज येतात का विचारलं, घराण्यात कुणाला असं होतं का विचारलं. तेव्हा कुठं चुलत्यांचं नाव निघालं. नुसती उदासी नाही, व्यसन नाही, यात्रेचं वारंही नाही, असं एकेक बाजूला करत त्या बायपोलरपाशी आल्या आणि आधीच्या गोळ्या बदलल्या. मला एकच धास्ती होती. "ताई, माझा आवाज जाईल का?" ताई म्हणाल्या, "आवाज राहील. कुठं थांबायचं, तेवढं कळेल." मी दोनदा परस्पर गोळ्या बंद केल्या. दोन्ही वेळा ताई घरी आल्या. त्यांनी काय सुनावलं, ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही.

आता गेल्या पौषातली गोष्ट. कांद्याची लागण चालू, लाईट वेळी-अवेळी, पाणी रात्रीच भरायचं. लागोपाठ चार दिवस माझी झोप झाली नाही. पुन्हा सुरू झालं की काय? मी कुणाला न सांगता एसटी पकडली आणि इथं आलो.

ताईंनी विचारलं, "कुणी आणलं?"

म्हटलं, "कुणी न्हाई. मीच आलो."

त्यांनी चष्मा काढला, पदराला पुसला. मग प्रश्न सुरू. काही खरेदी केली? नाही. कुणाला काही जाहीर केलं? नाही. "दमलायस का?"

"लई दमलोय ताई. हितंच आडवं व्हावंसं वाटतंय."

त्यांनी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं, त्यांचं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "हा आजार नाही. हा कांदा आहे. घरी जा आणि झोप."

मंडळी, दमल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. स्टँडवर बसून मी रडलो, आणि एसटीत बसलो तो झोपलोच. माझा थांबा मागं गेला. कंडक्टरनं थेट डिंभ्याला उठवलं, "पावणं, धरण आलं. पुढं पाणी हाय."

अध्यक्षांनी मला बोलायची संधी दिली, आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, एखादा शब्द टोचला असेल, तर घरचा माणूस म्हणून पोटात घाला.

आणि ताई, तेहतीस वर्षं तुम्ही आम्हाला विचारत आलात, तुम्हाला मात्र कुणी विचारलं नाही. म्हणून आज मी विचारतो. दमलात का?

मान हलवलीत ना? मग आता घरी जा, आणि निवांत झोपा.