अव्वाच्या हाताचं बोलणं

माझं माहेर ठाणाकुशनूर, तिथं समदं मराठी, अन् दिली मंठाळात, तर सासूला कानडीबगर येत न्हाई. समदे तिला अव्वा म्हणायचे. मालक माझ्यासंगं मराठी बोलायचे, आईसंगं कानडी, अन् निजामाच्या कचेरीतलं कुणी आलं की उर्दू. आता अशा घरात माझी महादेवी जलमली, चालाय लागली, पळाय लागली, पर बोलंना. मग काय सांगू तुम्हाला, ज्यो त्यो म्हणायला, लेकरू भाषांच्या गर्दीत गोंधळलंय, घरात एकच भाषा ठिवा, बोलंल.

मालकानं मनावर घेतलं, घरात निस्ती मराठी. म्हंजी अव्वानं नातीसंगं तोंडच उघडायचं न्हाई की! म्हातारी लई रागावली, पर लेकाचा शब्द मोडला न्हाई, तोंड मिटलं अन् हातानं बोलाय लागली. बोटं जुळवून तोंडाकडं नेली की जेवलीस का, गालाखाली हात ठिवला की झोप. पोरगी तिच्याच मागं मागं फिरायची. आमी म्हणायचो, आजीनं लाडावून ठिवलीय.

मग पोलीस ॲक्शनच्या टायमाला गावावरून घरघरत इमान उडत गेलं, पोरंसोरं रडत घरात घुसली, अन् ही अंगणात ज्वारी निवडत बसलीय, मान बी वर केली न्हाई. तवा अव्वा कानडीतच म्हणली, पोरीला ऐकूच येत न्हाई रे.

गावच्या शाळेत नेली, तर मास्तर म्हणले, मीच आता उर्दू सोडून मराठीत शिकवायला शिकायलोय, हिला काय शिकवू. मग बीदरात कुणी सांगितलं, हैदराबादला अशा लेकरांची शाळा हाय. काळजावर दगड ठिवून सोडली तिथं. तिथं हात हलवायचा न्हाई, ओठ बघायचे अन् तोंडानंच बोलायचं. सुटीला आली, अव्वा दारातच बसलेली, तिनं बोटं जुळवून इचारलं, जेवलीस का. पोरीनं दोनी हात पाठीमागं लपवले अन् घोगऱ्या आवाजात म्हणली, पानी. घरात मराठी ठिवली अन् पोरगी बोलली उर्दू! मालक खुशीनं रडले. अव्वानं पाणी आणून दिलं अन् आपले हात पदराखाली घेतले, ते मरंपतुर पोरीपुढं उचलले न्हाईत.

शाळेला नावं ठिवत न्हाई मी. लिवाय-वाचाय शिकली, शिवण शिकली, आजपतुर त्याच्यावरच घर चाललंय. मालक बी गेले. अन् आता माझेच कान गेलेत बघा. ती बिचारी तोंडानं बोलायची, मला काय ऐकू यायचं न्हाई, दोघी एकमेकीच्या तोंडाकडं बघत बसायचो. एक दिस तिनंच माझ्यापुढं बोटं जुळवली. एवढ्या वर्सांनी हो! लई रडले मी. तवापसून आमी दोघी अव्वाचंच बोलायलाव.

पर दमले आता. मी गेल्यावर हिला जेवलीस का म्हणून कोण इचारंल? तुमचं ते माझं बोलणं लिवून घेणं ऱ्हाऊ द्या जरा, बोटं जुळवा अशी. न्हाई, अंगठा बी घ्या. व्हय, आता तोंडाकडं न्या. जावा, ती आत शिवत बसलीय, तिला इचारून या.