वकीलबाईंनी माझं तोंड बंद केलं

...नाही, पण मी म्हणतो, माणूस दमला की सहज बोलत नाही का, ‘आता पुरे झालं, दुकान बंद करतो आणि लेकीकडे जाऊन राहतो’? बोलतो की नाही? तुम्ही नाही बोललात कधी? आणि तेच वाक्य टाइप होऊन, खाली सही-शिक्का बसून, रजिस्टर पोस्टानं आपल्याच दारात आलं तर काय वाटेल हो! मला आलं!

थांबा, आधी मी कोण ते सांगतो. माझं केस कापायचं दुकान. दोन खुर्च्या, एक आरसा. आरसा कोपऱ्यात जरा डागाळलाय, पण त्या कोपऱ्यात कुणाचं तोंड येतच नाही. जागा भाड्याची, वडिलांनी घेतलेली. तिथेच मी कात्री धरायला शिकलो आणि बोलायलाही, कारण वडील म्हणायचे, हात चालला की जीभही चालली पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक पेंगतं आणि मान टाकतं. तर जुने मालक गेले, मुलांनी इमारत विकली आणि नव्या मालकानं वकिलामार्फत नोटीस धाडली. ‘जागा खाली करा. आपण व्यवसाय सोडून मुलीकडे कायमचे राहावयास जाणार असल्याचे समजते.’ समजते! कुणाला समजते? खुद्द लेकीला माहीत नाही!

आमच्या हिनं नोटीस वाचली. मला वाटलं घाबरेल, पाणीबिणी द्यावं लागेल. तर म्हणते काय, “मुलीकडे? कायमचे? आणि मला कुठे ठेवून?” अगं, इथे दुकान चाललंय! “दुकानाचं नंतर बघू. आधी सांगा, जाणार होतात की नाही?”

शेवटी ताईला फोन केला. माझी थोरली बहीण. ती म्हणाली, “चांगला मुरलेला वकील बघ. आणि एक लक्षात ठेव, वकिलापासून काही लपवायचं नाही!” मग काय, जो खुर्चीत बसेल तो तेच. गळ्याभोवती कपडा, तोंडाला फेस, आणि फेसातून आवाज, “वकिलापासून काही लपवायचं नाही हं!” अहो, पण वकील आहे कुठे?

मेहुण्यानं एकाकडे नेलं. ही मोठी पाटी! घटस्फोट, अपघात, वारसा, जे म्हणाल ते. मी नोटीस पुढे केली, त्यांनी ती पेपरवेटखाली सरकवली आणि म्हणाले, “काळजीच सोडा, शंभर टक्के जिंकलो!” मेहुणा खूश. हिनं पेपरवेट उचलला, नोटीस घेतली, घडी केली, पर्समध्ये. जिना उतरताना म्हणते, “न वाचता जिंकतो तो न वाचता हरेलही.” मी तुम्हाला सांगतो, या बाईनं शाळा अर्धवट सोडली ते शाळेचं नशीब!

मग पलीकडच्या शिंपीदादांना विचारलं. त्यांच्या दुकानाचंही असंच लफडं झालं होतं. त्यांच्या तोंडात कायम टाचण्या. “म्म... म्म-बाईंकडे म्मजा.” टाचण्या काढल्यावर कळलं, एक वकीलबाई आहेत, जन्मभर त्यांनी घरं आणि दुकानं एवढंच काम केलंय, बाकी कशाला हात लावत नाहीत. “गोड बोलत नाहीत,” शिंपीदादा म्हणाले, “पण माझी मशीन अजून इथेच आहे, बघा.”

फोन केला. आवाज असा, की मी उभा राहिलो. “करारनामा आणा. भाड्याच्या पावत्या ओळीनं लावून आणा. नोटीस आणा आणि ती आली ते पाकीटही. फेकलं नाही ना?” फेकलं नव्हतं... त्याला वस्तरा पुसला होता! “आणि काय घडलं ते एका कागदावर लिहा. आधीचं आधी, नंतरचं नंतर. मला काय विचारायचंय तेही. गप्पा मारायला येऊ नका.”

गप्पा मारायला येऊ नका! मला! न्हाव्याला!

मग आमची तालीम. दुकान बंद केलं, ही गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली, माझाच काळा कपडा अंगावर घेतला, झाली वकीलबाई. “बोला, काय झालं?” मी सुरू केलं, “त्याचं असं झालं, माझे वडील लहान असताना...” “पुढे!” “पुढे म्हणजे, वडिलांचे मामा...” “मामा खाली उतरवा! या वेगानं गोष्ट नोटिशीपर्यंत यायच्या आत बाई निवृत्त होतील!” मी म्हटलं, अगं, वकिलापासून काही लपवायचं नाही! “मामा लपवा,” ही म्हणाली, “मामांनी भाडं भरलेलं नाही.”

असं चार वेळा झालं. मग हिनं एकदम विचारलं, “तुम्हाला नक्की हवंय काय? पैसे घेऊन सुटायचंय, मालकाला धडा शिकवायचाय, की दुकान हवंय?” मी तोंड उघडलं आणि... काही येईना. माझ्या तोंडून काही येईना! दोन खुर्च्या बघितल्या, तो डागाळलेला आरसा बघितला. म्हटलं, “दुकान हवंय गं.” तिनं कपडा काढला, झटकला आणि आरसा पुसायला लागली. डाग निघत नाही हे तिला माहीत आहे, तरी पुसत राहिली. मी लिहायला बसलो.

तर ऑफिस. पंखा, दोन कपाटं, टेबलामागे बाई. बसा म्हणाल्या आणि वाचायला लागल्या. सगळं. नोटिशीच्या मागचा कोरा कागदसुद्धा! मग पाकीट नाकाशी नेलं. “याला साबणाचा वास कसा?” मी सांगितलं. वकिलापासून काही लपवायचं नाही! मग आमच्या हिलाही चेव आला. नोटीस आल्यावर माझ्या हातून फुटलेला कप, माझं ब्लडप्रेशर, माझं घोरणं... बाई म्हणाल्या, “घोरण्यानं जागा जात नाही. पुढे.”

मग चष्मा काढला. “लेकीकडे जायचं कुणाला बोलला होतात?”

“कुणालाच नाही हो... म्हणजे खुर्चीत बसेल त्याला.”

“त्यात नवखा कोणी?”

आठवला! एक गोड गृहस्थ, हसतमुख, काय ऐकून घ्यायचा! दाढीला आला होता. “आणि गंमत म्हणजे बाई, त्याची दाढी केलेलीच होती! मी म्हटलं, हा नुसता माझ्या गप्पांसाठी आला.”

“गप्पांसाठीच आला होता,” बाई म्हणाल्या.

हिनं कपाळाला हात लावला. मी खुर्चीत एवढासा झालो. पण बाई, तुम्हाला सांगतो, फणसासारख्या! पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाल्या, “दमल्यावर माणूस काहीबाही बोलतो, तेवढ्यानं जागा सुटत नाही. दुकान रोज उघडं आहे, पावत्या नीट आहेत, बाजू चांगली आहे. खात्री मात्र मी कुणालाच देत नाही. उत्तर मी पाठवीन. तुम्ही मालकाला भेटायचं नाही. आणि ऐका, माझ्यापासून काही लपवायचं नाही. बाकी सगळ्या जगापासून लपवायचं.”

“म्हणजे... दुकानात?”

“केस मिटेपर्यंत नुसते केस कापायचे.”

अहो, काय ते दिवस! जीभ टाळूला चिकटवून कात्री चालवायची! एकानं विचारलं, “दाढ काढली का?” दुसऱ्यानं हिला गाठून हळूच विचारलं, “घरी सगळे बरे आहेत ना?” एकदा तो गोड गृहस्थ परत आला. दाढी केलेलीच! बसला. “मग काका, कधी जाताय लेकीकडे?” मी वस्तऱ्याला धार लावली. बोललो नाही. नुसती धार लावत राहिलो, सावकाश. तो गेला हो, दाढी न करताच गेला!

बाईंचं उत्तर गेलं, मग तिकडचं पत्र, इकडचं पत्र, तारखा... आणि शेवटी कोर्टाबाहेरच मिटलं. नव्या मालकानं नवा करार करून दिला. दुकान माझं राहिलं! बाईंकडे सहीला गेलो तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, “जा, आता बोला पोटभर!”

धावत आलो हो! बाकावर गिऱ्हाइकं बसलेली, दारात दोघं उभे. एवढी गर्दी माझ्या दुकानात कधी नव्हती. मी कपडा झटकला, घसा खाकरला, म्हटलं, “त्याचं असं झालं...” तर हिनं खांद्यावर हात ठेवला, मायेनं, आणि कानात म्हणाली, “एक शब्द बोलू नका. ही सगळी तुम्ही गप्प असता म्हणून येतात.”

म्हणून हे असं, बाहेर येऊन, तुम्हाला सांगतो!