खोलीत आलेली गल्ली

(मंगळवार पेठेतलं टांगेवाल्या इमामचं घर. बाहेर कडक ऊन, आतल्या खोलीत मात्र काळोख.)

चिमणाबाई : आगं, दुधाचं भांडं ठेवू कुठं? पाय कुठं पडतोय त्ये बी दिसंना.

सुलतानबी : भिंतीकडंला ठेव आज्जी, आणि आधी दार लाव. सगळ्या फटी बुजवल्या होत्या, तू आलीस आणि उजेड घेऊन आलीस.

चिमणाबाई : आता उजेड आणला म्हणून बी बोलणी खायाची व्हय? इमाम, जागा हायस का? काय चाललंय तुझ्या लेकीचं?

इमाम : मला काय इचारतीस मावशी. सकाळधरनं खिडकीला गोणपाट ठोकतिया, कागदं चिकटवतिया. म्हटलं, कर. खिडकी न्हायतरी बंदच असती.

चिमणाबाई : आपोआप बंद झालीया जणू. पाय मोडला तवा तूच बंद केलीस. पलस्तर निघालं, डॉक्टर म्हणाला चाल, आणि हा गडी भिताडाकडं तोंड करून पडलाय. समोर राहतो आम्ही, तरी तुझं तोंड दिसंना झालंय.

इमाम : जो तो खिडकीतनं डोकावतोय. कसं काय इमामभाई, कवा उठताय इमामभाई. काय सांगू त्यास्नी? पाय भुईला टेकला की टांगा कलंडला त्योच घटका आठवतोय. सोड त्यो इषय.

सुलतानबी : अब्बा, आज खिडकी बंदच पायजे. बाई म्हणाल्या, खोली जितकी काळोखी, तितका प्रयोग चांगला. आमच्या वर्गात एवढी काळोखी खोली कुणाकडंच न्हाय.

चिमणाबाई : घ्या. शाळेत नाव काढलंस की बापाचं.

सुलतानबी : आज्जी, हसू नको, चादरीचं ते टोक धर. मी हे धरते. आपण खिडकीसमोर उभं राहायचं. अब्बा, तुम्ही पडल्या जागेवरनं चादरीकडं बघा. आता मी भोकावरचा कागद काढते.

इमाम : भोक कसलं?

सुलतानबी : पुठ्ठ्याला खिळ्यानं पाडलंय. काढला बघा. काय दिसतंय?

इमाम : धूर.

सुलतानबी : धूर न्हाय तो. नीट बघा की. जरा दम धरा, डोळ्यांना काळोखाची सवय होऊ द्या.

चिमणाबाई : आगं बया, हितं काय तरी सरकलं. निळं निळं. वरच्या अंगाला.

सुलतानबी : माणूस गेला गल्लीतनं. गल्ली आलीया चादरीवर. उलटी आलीया, म्हणून माणसं वर दिसत्यात, डोकं खाली, पाय वर.

इमाम : काय बी बोलतीस. बंद खिडकीतनं गल्ली आत कशी येईल?

सुलतानबी : उजेड सरळ चालतो अब्बा, वळत न्हाय कुठं. माणसाच्या डोक्यावरनं निघालेला उजेड भोकातनं सरळ आला की खाली पडतोय. पायाकडनं निघालेला वर जातोय. भोक एवढंसं, तिथं फुली पडती उजेडाची. म्हणून सगळं उलटं.

इमाम : आसंल बाई. पण मला तर धूरच दिसतोय.

सुलतानबी : व्हय, अंधुक हाय. भोक मोठं केलं की उजेड जास्त येतोय, पण चित्र सगळं फिस्कटतंय, मी करून बघितलं. म्हणून आज्जी, तुझी चाळशी दे.

चिमणाबाई : माझी चाळशी? आगं, ती गेली तर तांदळातलं खडं कशानं बघू मी?

सुलतानबी : फोडणार न्हाय. भोक मोठं करायचं आणि त्यावर तिची एक काच बांधायची, बस्स. हे बाईंनी न्हाय सांगितलं. परवा तू काच पुसत होतीस ना, तवा तुझ्या भिंतीवर इवलंसं दार दिसलं मला. उलटं दार. त्या दिवसापासनं हेच डोक्यात हाय.

चिमणाबाई : बघ इमाम, न्हाय दिली तर ही रातचं माझ्या नाकावरनं काढून नेईल. घे गं. काडी वाकवू नगंस.

सुलतानबी : भोक मोठं केलं, काचेला दोरा बांधला. दुसऱ्या काचेवर कागद लावला. आता चादर धर आज्जी, आणि मी सांगते तशी मागं सरक. हळू. अजून. अजून थोडं. आता पुढं ये. हां, हां, तिथंच. तिथंच थांब.

चिमणाबाई : आगं आई.

इमाम : सुलतान... हे काय गं?

सुलतानबी : दिसलं? रंग दिसले? अब्बा, रंग बघा, रंग.

इमाम : दिसतंय की. त्यो तांबडा रांजण. त्यो वड. पानं हालत्यात बघ मावशी, एकेक पान हालतंय.

चिमणाबाई : त्यो माझा उंबरा न्हाय व्हय? डोकं वाकडं करून बघा जरा. माझाच. आणि त्यावर कोण बसलंय? शेजारची धोंडुबाई. माझ्या शेंगा वाळत घातल्यात, त्या खातिया.

इमाम : खातिया खरी. एक खाल्ली, हिकडंतिकडं बघितलं, आणि दुसरी घेतली.

चिमणाबाई : आणि मला म्हणती, दात दुखत्यात.

सुलतानबी : अब्बा, तुम्ही हसलात.

इमाम : गप, बघू दे. मागं उशी सरकव जरा, बसून बघतो. काय आक्रीत हाय. आपुन कुणाला दिसत न्हाय, आणि आख्खी गल्ली आपल्यास्नी दिसतीया.

सुलतानबी : घुंगरं वाजली. लालूकाका आला आपला टांगा घेऊन. आता बघा हां, टांगा वडाकडनं येणार, पण चादरीवर दुसऱ्या बाजूनं येणार.

चिमणाबाई : आला बघ. चाकं आभाळाला लावून आला.

सुलतानबी : चंद्री. अब्बा, तुमची चंद्री. कपाळावरचा पांढरा ठिपका पण दिसतोय.

चिमणाबाई : आजारपणात एकदा बी इचारलं न्हाईस घोडीला.

इमाम : इचारून काय करू? लालू हाकतोय, चांगलं चाललंय. मी आपलं... थांबा. ती मान का वर टाकतिया?

सुलतानबी : चादर हलली असंल.

इमाम : चादर न्हाय. बघ, पुढचा पाय टेकला की मान वर. पुन्यांदा टेकला, पुन्यांदा वर. लंगडतिया ती. खुरात खडा घुसलाय न्हायतर नाल ढिला झालाय. ह्या लालूला कळंना कसं?

चिमणाबाई : त्यो वर बसलेला. त्याला तिची पाठच दिसती.

इमाम : आता थांबलाय, पण मग टेसनाला जाईल सवारी घिऊन. त्या उतारावर पाय जाईल तिचा. लालू! आरं लालू!

सुलतानबी : ऐकू न्हाय जायचं, मी सगळं बुजवलंय. मी पळत जाऊन सांगते.

इमाम : तुझं ऐकंल त्यो, पण खूर कोण उचलणार? लालूला ती खुराला हात लावू देत न्हाय. त्यानं वढाताण केली तर लाथ घालंल. माझ्या चपला कुठं हायत?

सुलतानबी : चपला? दारामागं. अब्बा, मी आधाराला येते.

इमाम : तू चादर धर. मला भिताड हाय.

चिमणाबाई : दमानं इमाम. अवघडलेला पाय हाय. आधी बोटं टेकव, मग टाच.

इमाम : टेकवली. जड हाय... पण धरतोय. धरतोय मावशी.

सुलतानबी : आज्जी, मी जाऊ का संगं?

चिमणाबाई : ऱ्हाऊ दे. जाऊ दे त्याला एकट्याला.

इमाम : सुलतान, टांगा हलला का?

सुलतानबी : न्हाय अजून. काका बिडी पेटवतोय. अब्बा, जाताना दार ओढून घ्या, उजेड आत येतोय.

चिमणाबाई : गेला. दार बी ओढलं. पडला बिडला न्हाय ना? काय वाजलं का?

सुलतानबी : न्हाय. आता उंबऱ्यावर असतील. काकानं लगाम उचलला आज्जी. लवकर, अब्बा, लवकर.

चिमणाबाई : आगं, ते बघ. कडंला.

सुलतानबी : अब्बा. चादरीवर आले.

चिमणाबाई : कसा दिसतोय गं उन्हात. किती वाळलाय.

सुलतानबी : धोंडुबाई उठून उभी राहिली. काकानं बिडी टाकली. अब्बानं दांडी धरली, आता चंद्रीच्या मानंवर हात ठेवलाय. ती बघ, तोंड घासतिया त्यांच्या खांद्याला.

चिमणाबाई : वळखलं तिनं.

सुलतानबी : खाली बसले. खूर मांडीवर घेतला. आज्जी, चादर हालवू नको, सगळं अंधुक होतंय.

चिमणाबाई : मी कुठं हालवतीया? तुझं टोक हालतंय, पोरी.