पेशंट कोण?

१९९६ साली सांगलीच्या एका दवाखान्यात मी नंबराची वाट बघत बसले होते. मागच्या बाकावर आटपाडीहून आलेलं एक जोडपं होतं. मूल व्हावं म्हणून त्यांचे उपचार आज सुरू व्हायचे होते.

"आवं, रिपोर्टात दोष तुमच्यात निघाला, ह्ये घरी सांगू नका. सात वर्सं मलाच वांझ म्हणत्यात, मला सवय झालीया."

"सांगितलं की, माया."

"कवा?"

"काल तू पाण्याला गेलतीस, तवा. आईला सांगितलं, चुलत्यालाबी."

"आत्याबाई काय म्हणाल्या?"

"लय रडली. म्हणाली, मायाला आता तोंड कसं दाखवू?"

"तरीच! आज निघताना मी पाया पडाय वाकले, तर त्यांनी माझंच हात धरलं. सोडनातच."

"तुला राग न्हाई आला? मी एवढी वर्सं तपासलंच न्हाई."

"आता तपासलंत न्हवं? आन् चारचौघांत सांगितलंत. लय वझं उतरलं बघा. आता मूल हू दे, न हू दे."

"असं म्हणू नगं. हुईल."

नर्स दारात आली.

"राजरत्न खरात! पेशंट कोण, बाई ना?"

"न्हाई सिस्टर, पेशंट मी हाय."

"आमी दोघंबी हाय," ती म्हणाली आणि त्याच्या आधी उठली.