आबांच्या जीपचा आवाज

जुनी गाडी चालू करणारा माणूस काळाला मागं फिरवतो, असं नागेशरावांचं ठाम मत होतं. ताडकळसच्या स्टँडवर असा एक माणूस त्यांच्या शेजारीच एसटीची वाट बघत बसला होता.

"भुजंगा, तुझ्या आबांची जीप झाली का चालू?"

"झाली की. लोण्यावानी चालायलीय."

"मग तोंड का पाडलंस?"

"आबांला दिसत न्हाई आता. बसवून फिरवलं, तर म्हनले, ही आपली न्हाई. आपली खडखडायची."

"हात्तिच्या! इंजिनातले टॅपेट ढिले सोड. तस्साच आवाज येतो."

"सोडले ना. लय खडखडायलीय."

"मग खूश झाले असतील!"

"तवर कानबी गेले त्यांचे. रोज इचारायलेत, आपली जीप कधी दुरुस्त करतूस?"

एसटी आली. दोघं चढले.